उन्हाच्या गावात काचेची खोली

नकाशा मिळाला. खाली लिहिलं आहेस, 'सर, कसा वाटतो? अगदी खरं सांगा.' मागितलंस म्हणून सांगतो. इतका महागडा मूर्खपणा नळदुर्गात बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, आणि मूर्खपणाच्या बाबतीत आपलं गाव काही कुणाच्या मागे नाही.

गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात दहा बाय बाराची खोली. पश्चिमेची भिंत काचेची, दक्षिणेची काचेची, आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून वर छतही काचेचं. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या चौकटी, आत वेताचा सोफा, गोल टेबल, कुंडीत पामचं झाड. चित्रात खिडकीबाहेर मऊ हिरवळ आणि फिकट निळं आकाश. कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'सनरूम'. हा कागद काढणाऱ्या पोरानं नळदुर्ग नकाशावर तरी पाहिलं असेल की नाही, देव जाणे. पण त्याला काय बोलायचं? पैसे मोजले की सांगाल ते तो काढून देतो. तू तर इथे जन्मलास. मार्च सरत आला की आपली शाळा सकाळची व्हायची आणि पोरं दुपारच्या आत घरी पोचायची. ती का व्हायची, याचा एकदा तरी विचार केलास?

कल्पना कुठून आली तेही कळवलंस. ताईकडे टोरांटोला गेलास, तिच्या घरामागच्या काचेच्या खोलीत बसून सकाळचा चहा घेतलास, बाहेर बर्फ आणि आत ऊब, आणि मनानं घेतलं की आईसाठीही असंच काहीतरी करायचं. आईसाठी काही करावंसं वाटलं याचं कौतुक नंतर करीन. आधी भूगोल. टोरांटो ४३ अंशांच्या वर, पार उत्तरेला. डिसेंबरात भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो आणि नऊ तासांच्या आत दिवस आटोपतो. बाहेर पारा शून्याखाली. अशा ठिकाणी मिळेल तेवढं ऊन घरात कोंडून घ्यावं, काचेची खोली ही तिथल्या माणसांची गरज आहे आणि ती सोय उत्तम आहे. युरोपातल्या उमरावांनी हिवाळ्यात संत्र्याची झाडं मरू नयेत म्हणून मोठाल्या तावदानांच्या इमारती बांधल्या, तिथपासून ही परंपरा निघते. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी ज्यानं अख्खा काचमहाल उभा केला तो जोसेफ पॅक्स्टन मुळात बागा आणि काचघरं सांभाळणारा माळी. आपल्याकडे बंगळूरच्या लालबागेत काचघर आहे, ते फुलांच्या प्रदर्शनांसाठी. तुझी आई संत्र्याचं झाड नाही.

आता आपला भूगोल. नळदुर्ग १८ अंशांच्या किंचित खाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा. सुट्टीत बोलावून तुम्हा पोरांना मी पटांगणात काठी रोवायला लावली होती. तिची सावली आखडत आखडत बुडाशी दिसेनाशी झाली तेव्हा सगळ्यांत आधी तूच ओरडलास, 'सर, सावली गेली!' ज्या दिवशी या गावात काठीलासुद्धा सावली मिळत नाही, त्या दिवशी तू आईला काचेच्या छताखाली वेताच्या सोफ्यावर बसवणार आहेस.

मला राग काचेचा नाही. राग याचा आहे की तुला हे सगळं येत होतं. 'हरितगृह परिणाम आकृतीसह स्पष्ट करा.' तुझी आकृती मी वर्गभर फिरवली होती. काच, काचेतून आत शिरणारे बाण, तापलेली जमीन, जमिनीतून निघून काचेला अडकलेले वाकडे बाण, आणि बाजूला पट्टीनं आखून दिलेली नावं. पाचपैकी पाच. दृश्य प्रकाश काचेतून सहज आत येतो, फरशी आणि खुर्च्या तापतात, त्यांतून निघणारे अवरक्त किरण काच बाहेर जाऊ देत नाही, आणि तापलेल्या हवेलाही वाट उरत नाही. हे वाक्य तुझं आहे, माझं नाही. अठराव्या शतकात सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं एकावर एक काचेची झाकणं बसवलेली लाकडी पेटी उन्हात ठेवली आणि आतलं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर नेलं, हे मी सांगितलं तेव्हा तू वहीत चौकटीत लिहून घेतलंस. त्यानंतर अभियंता झालास, पुण्यात फ्लॅट घेतलास, आणि आता स्वतःच्या आईसाठी सोस्यूरची पेटी बांधायला निघालास. पाठ केलंस रे, शिकला नाहीस.

तरी अजून पटत नसेल तर गणित मांड. गणितात तू कच्चा नव्हतास. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. स्वच्छ आकाशात भर दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट ऊर्जा येते. छतावर पडली ११ किलोवॅट. साध्या काचेनं त्यातली चार पंचमांश आत सोडली तरी झाली ९ किलोवॅट. एक टनाचं एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतं. म्हणजे नुसत्या छतातून येणारं ऊन परतवायला तुला अडीच टनांचं यंत्र लागेल, ते तासाला अडीच-तीन युनिट वीज खाईल, आणि दोन बाजूंच्या काचा मी अजून हिशोबात धरलेल्याच नाहीत. विक्रेता म्हणेल, साहेब, थर दिलेली काच घ्या, उष्णता अर्ध्यावर येते. येते, खोटं नाही. पण अर्धी राहतेच, आणि काचेचा भाव दुप्पट होतो. आधी पैसे घालून ऊन घरात घ्यायचं आणि मग पैसे घालून बाहेर हाकलायचं! वीज गेली तर काय? आपल्याकडे मे महिन्यात वीज कधी जाते, हे विचारायला मी तुला शाळेत बोलावणार नाही. एसटी स्टँडसमोर काचा लावून तासभर उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडताना तोंडावर येणारी हवा आठव. तुझी खोली म्हणजे तीच गाडी, फक्त हिची चाकं काढलेली.

आणि पश्चिम! सबंध घराला चार दिशा असताना तू पश्चिम निवडलीस, कारण तिकडून 'सनसेट' दिसतो. वर आलेल्या सूर्याला छज्जा अडवतो, पण दुपारी चार-साडेचारला सूर्य खाली उतरून सरळ भिंतीच्या पोटात शिरतो तेव्हा दोन फुटी छज्जा काही कामाचा नसतो. सकाळपासून तापलेली गच्ची, वर चाळीस-बेचाळीसचा पारा, आणि समोरून सूर्य. आपल्या जुन्या माणसांनी पश्चिमेला जाड आंधळी भिंत ठेवली, नाहीतर गोठा, नाहीतर लिंबाचं झाड. त्यांना संगणकावर चित्रं काढता येत नव्हती, पण पाठीला कुठून चटका बसतो ते कळत होतं.

आता आईचा विषय. डॉक्टरांनी सांगितलं, ड जीवनसत्त्व कमी आहे, हाडं ठिसूळ झालीत, ऊन घ्या. म्हणून सनरूम. इथे मात्र मी कपाळावर हात मारला. कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरणांतल्या ज्या पट्ट्यामुळे, त्याला यूव्ही-बी म्हणतात, आणि खिडकीची साधी काच नेमका तोच पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. उष्णता आत येईल, डोळ्यांवर तिरीप येईल, सोफ्याचं कापड विटेल, पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप तेवढं मात्र बाहेर राहील. म्हातारी घामाघूम होईल आणि रक्ततपासणीचा आकडा जिथल्या तिथे. तिला ऊन हवं असेल तर सकाळी दहाच्या सुमारास उघड्या गच्चीवर, हातापायांवर थेट पडलेलं, थोडाच वेळ. किती वेळ ते डॉक्टरांना विचार, आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या वेळेवर जातात का तेही बघ. टोरांटोहून आल्यावर तू तिला एकदा तरी विचारलंस का, आई, तुला कुठे बसायला आवडतं? मी विचारलं. परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, 'गुरुजी, मला काय, दारातल्या ओट्यावर बसलं की येणारंजाणारं दिसतं. लेकरू म्हणतंय वर बस. जिना चढवत न्हाई मला.' नकाशात तू जिन्याला कठडासुद्धा दाखवलेला नाहीस.

'सर, ऋतू उपभोगायची वेगळी खोली हवी, ही काही वाईट कल्पना नाही,' असं तू म्हणशील. नाहीच. त्यासाठी टोरांटोला कशाला जायला हवं? तुझ्या गच्चीवरून जो किल्ला दिसतो त्यात जा. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून हा किल्ला आणि समोरचा रणमंडळ किल्ला जोडले, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात एक महाल कोरल्यासारखा बसवला. पाणी महाल. सहलीला दर वर्षी नेत होतो, तेव्हा तुमचं लक्ष वडापावात. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन धारा बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. पाठीमागे अडवलेल्या पाण्याचा गारवा, मध्ये दगडाची जाड भिंत, पुढे मोजकी उघडी कमान. ऊन बाहेर, वारा आत. खोली बांधणाऱ्यानं आधी विचारलं असणार की या मुलखात कशाचा तुटवडा आहे. उन्हाचा नव्हे. गारव्याचा आणि पाण्याचा. मग जे कमी ते खोलीत आणलं आणि जे उदंड ते दाराबाहेर ठेवलं. त्या सुलतानाच्या संगीतप्रेमाच्या गोष्टी लोक हौसेनं सांगतात. मला विचारशील तर त्याच्या राज्यातल्या या एका खोलीतली अक्कल त्याहून मोठी.

तुला परदेशाचाच दाखला हवा असेल तर तोही किल्ल्यातच आहे. लिव्हरपूलला जन्मलेला मेडोज टेलर १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार बघायला आला आणि किल्ल्यातच राहिला. त्याच्यासारखे उन्हाला आसुसलेल्या देशातले साहेब या मुलखात आले आणि त्यांनी बंगले बांधले ते चौफेर व्हरांड्यांचे, खसाच्या ताट्या आणि पंखे लावलेले. विलायतेहून आलेल्याला इथलं ऊन कळलं. नळदुर्गातून विलायतेला जाऊन आलेल्याला कळत नाही.

म्हणून आता जुन्या माळवदाचे गोडवे गाईन असं समजू नकोस. तुझ्या आजोबांचं घर मी पाहिलंय. लाकडी तुळया, त्यावर किलच्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, मधोमध उजेडासाठी साणं. मे महिन्यात दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि दोन मिनिटांनी अंग निवायचं. त्या साण्यातून जेवढं ऊन पडे तेवढं घराला पुरे होतं. बायका त्या कवडशात तांदूळ निवडत. पण ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाटही मला आठवते. गणपती बुडवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत त्याच मातीच्या थरांनी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी माणसं झोपेत गाडली. दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत गेलो, वजन वाढत गेलं, कुणी हिशोब ठेवला नाही. तेव्हापासून आपल्या भागात लोकांनी माळवदं उतरवली आणि स्लॅब टाकले, पत्रे टाकले. भीतीनं केलं आणि योग्य केलं. तुझ्या वडिलांनी घर पाडलं तेव्हा मीच त्यांना पाठिंबा दिला होता. पण माती उतरवताना गारवाही उतरला, तो दुसऱ्या वाटेनं परत आणायचं काम तुमच्या पिढीकडे होतं. तुम्ही शिकलेले. आणि तुम्ही काय आणलंत? वर काच. भूकंपाच्या मुलखात डोक्यावर काच! नकाशात कुठे लिहिलंय की ती लॅमिनेटेड आहे? नुसती टफन्ड फुटली तर तिचे खडे होऊन खाली सांडतात. मधे पडदा असलेली काच तडकली तरी चौकटीत धरून राहते. हा फरक तुला विक्रेत्यानं सांगितला नाही आणि तूही विचारला नाहीस.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, माझ्याही वेळेला किंमत आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं काय केलं ते द्राक्षवाल्यांना विचार. वानरांची टोळी गच्चीवरून गच्चीवर जाते तेव्हा पत्रे कसे वाजतात ते ऐकलंयस. काचेवर ती जपून पावलं टाकतील असं वाटतं का? धूळ दर दोन दिवसांनी पुसणार कोण? आई? गच्चीवर खोली चढवायची तर नगरपरिषदेची परवानगी लागते. १९६६ च्या नगररचना कायद्यात काचेच्या भिंतीला वेगळी सूट नाही. आणि स्लॅबवर जादा वजन टाकण्याआधी खालचे कॉलम कुणी तपासलेत? स्वतः अभियंता म्हणवतोस. सॉफ्टवेअरचा असलास म्हणून काय झालं.

आपल्या शेतकऱ्याकडून तरी शीक. तासगाव-पंढरपूरकडे बेदाणा करतात तो उघड्या उन्हात टाकून नाही, शेडच्या सावलीत, वाऱ्यावर. रोपवाटिकेवर तो काच घालत नाही, हिरवी शेडनेट ताणतो. पॉलीहाऊस घातलं तरी वरून गरम हवा निघायला झडप ठेवतो आणि आत फवारे सोडतो. दहावी नापास माणूस रोपाला जपतो तेवढं तरी तू माणसाला जप.

आता काय करायचं ते लिहून घे.

पश्चिमेची काच रद्द. तिथे भिंत, आणि भिंतीबाहेर जागा असेल तर लिंब. छताची काच रद्द. काचवाल्याला दिलेला ॲडव्हान्स बुडत असेल तर बुडू दे. तेवढी शिकवणीची फी समज, मी तर तुझ्याकडून कधी घेतली नाही. गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात मार, खालच्या खोल्या निवतील आणि खर्च पोत्याभराचा. हिवाळ्यातलं ऊन खरंच हवं असेल तर खाली, आईच्याच खोलीला, दक्षिणेकडे मोठी उघडणारी खिडकी काढ आणि वर दोन फुटांचा छज्जा. डिसेंबरात दुपारी आपला सूर्य ४९ अंशांवर असतो, छज्ज्याची सावली सव्वादोन फुटांवर संपते आणि खालच्या सगळ्या खिडकीतून ऊन थेट खाटेवर येतं. एप्रिल उजाडेपर्यंत तीच सावली आठ फुटांवर उतरते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला, दक्षिणेच्या भिंतीला तो शिवतही नाही. दोन फुटांचं सिमेंट हिवाळा-उन्हाळा आपोआप ओळखतं, त्याला वीज लागत नाही. हा हिशोब तू स्वतः वहीत करून मला दाखव. टॅनची सारणी विसरला असशील तर मोबाईलमध्ये आहे.

आणि पुढच्या दारचा ओटा. तो तू पार्किंगसाठी तोडणार आहेस, हे नकाशाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत आहे. मला दिसत नाही असं वाटलं होय? ओट्याला हात लावायचा नाही. पूर्वेचा आहे, सकाळी कोवळं ऊन, दुपारनंतर सावली, समोर रस्ता, येणारंजाणारं. त्यावर कौलांची ओसरी काढ, दोन लाकडी खांब, एक बाज टाक आणि बसता-उठता धरायला कठडा. गाडी बाहेर उभी राहील. तिला ऊन लागलं तरी चालतं.

नवा नकाशा गुरुवारपर्यंत पाठव. आणि या वेळी चित्रात हिरवळ नको.